बोर्डिंग पासच्या आधी

रात्री ८.३०
मेट्रो-३ मधून मुंबई विमानतळाच्या टी-टू स्टेशनला उतरायचं, एंट्री पास गळ्यात घालायचा, सीआयएसएफच्या जवानाला चेहरा दाखवायचा आणि ब्रीफिंगला पोचायचं. आमचं विमान रात्री दोनला युरोपातल्या एका शहराला जातं. निम्मे प्रवासी तिथून पुढे अमेरिका, कॅनडा, इंग्लंड गाठतात. ड्युटी मॅनेजर व्हीलचेअर किती, लहान मुलं किती, सीट कमी पडताहेत का, हे वाचून दाखवतात. मग आजच्या कामांची वाटणी होते. माझं ठरलेलंच असतं : डॉक चेक. चेक-इनच्या रांगेच्या तोंडाशी उभं राहून कागद बघायचे.

बहुतेकांना मी बॅगा मोजायला उभी आहे असं वाटतं. काहींना मी सरकारी वाटते, ते उगाच घाबरतात.

९.३०
काउंटर उघडायला वेळ असला तरी ट्रॉल्या येऊन लागलेल्या असतात. ऑगस्टात रांग संध्याकाळपासूनच धरतात.

एखाद्या देशात शिरायला मिळणार की नाही, हे तिकडच्या इमिग्रेशनवर ठरतं असा सर्वसाधारण समज आहे. खरं तर ते पुष्कळदा इथे अंधेरीत, रांगेच्या तोंडाशीच ठरून जातं. कारण दंड. अपुऱ्या कागदांचा प्रवासी नेला तर ब्रिटन विमान कंपनीकडून माणशी २००० पौंड घेतं. युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशाप्रमाणे सदस्य देशांनी किमान दंड ३००० युरोंपेक्षा कमी किंवा कमाल ५००० पेक्षा कमी ठेवायचा नाही. आपणही यात मागे नाही. २००० सालच्या कायद्यात माणशी एक लाखाचा दंड होता. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा आला आणि तो पाच लाखांपर्यंत गेला. त्याच दिवशी १९२० आणि १९४६ चे इंग्रजांच्या काळातले कायदेही निकालात निघाले. दंडाशिवाय त्या प्रवाशाला परत आणायचं तेही कंपनीनंच. म्हणजे पहारा देशांचा आणि पहारेकरी आम्ही, विमान कंपनीच्या पगारावरचे. अधिकार मात्र फक्त वाचण्याचा.

वाचायचं काय, तर पासपोर्टच्या फोटोच्या पानावरच्या खालच्या दोन ओळी. प्रत्येकीत ४४ खुणा, मधल्या रिकाम्या जागी बाणाची टोकं. दुसऱ्या ओळीत पासपोर्टचा नंबर, जन्मतारीख, मुदत, आणि प्रत्येकामागे एक तपासणीचा आकडा. आधीच्या खुणांना ओळीनं ७, ३, १ नं गुणून बेरीज करायची, दहानं भागायचं, बाकी उरते ती हा आकडा. मशीन हे क्षणात करतं. मला करावं लागत नाही, पण मशीन कुरकुरलं की कशानं कुरकुरलं हे कळलेलं बरं असतं. बाकी कुठल्या देशाला काय लागतं ते टायमॅटिक सांगतं. जगभरच्या विमान कंपन्या वापरतात ती ही नियमांची यादी. आज संध्याकाळी बदललेला नियमही त्यात असतो, म्हणून पाठांतरावर विसंबायचं नाही.

१०.३०
विद्यार्थी. सांगली, नांदेड, जळगाव, नाशिक. एकेकाला सोडायला अख्खी जीप भरून माणसं आलेली, दाराबाहेर काचेला नाक लावून उभी. अमेरिकेच्या एफ-वन व्हिसाबरोबर आय-ट्वेंटी हा कॉलेजचा कागद लागतो. त्यावर कोर्स सुरू होण्याची तारीख असते आणि नव्या विद्यार्थ्याला तिच्याआधी ३० दिवसांहून लवकर देशात घेत नाहीत. तारीख बघितली, सही बघितली, पुढे.

एका मुलाकडे कागदच नव्हता.

"आय-ट्वेंटी कुठंय?"

"मॅडम, बॅगेत."

"कुठल्या?"

त्यानं पाण्यातून काढल्यासारखा चेहरा करून दोरीनं आवळलेल्या तेवीस किलोच्या सुटकेसकडे बघितलं. दोरी सोडली. वर मेतकूट, चकलीचा डबा, प्रेशर कुकर, कुकरच्या आत मोजे, मोज्यांच्या खाली प्लॅस्टिकची फाईल. आईनं महत्त्वाचं म्हणून सगळ्यात खाली ठेवलं होतं. अशी फाईल मी किती वेळा बाहेर काढायला लावली असेल! हा कागद हातातल्या बॅगेतच हवा. विमानातून उतरल्यावर इमिग्रेशन आधी येतं, सामान नंतर.

११.१५
ठाण्याच्या काकू. लेकीचं बाळंतपण, पहिलाच अमेरिका प्रवास नव्हे, आवाजात सराईतपणा. पासपोर्ट नवा कोरा. व्हिसा नाही.

"आहे की, दहा वर्षांचा आहे!"

"कशात आहे, काकू?"

"जुन्या पासपोर्टात. तो कशाला आणू? कॅन्सल झालाय तो, कोपरा कापलाय त्याचा."

कोपरा पासपोर्टाचा कापलाय, व्हिसाचा नाही. अमेरिकेचा व्हिसा जुन्या पासपोर्टात असेल आणि मुदतीत असेल तर दोन्ही पासपोर्ट एकत्र दाखवून चालतो. पण दाखवायला तो हवा ना. काकूंचा मुलगा त्यांना सोडून घोडबंदरला घरी पोचला होता, काकूंच्या घराची किल्ली शेजारच्या जोशींकडे, जोशी झोपलेले. काउंटर एकला बंद. काकू लोखंडी बाकावर बसल्या आणि त्यांनी पर्समधून जपमाळ काढली.

त्याच वेळी एक मुलगी आली, मँचेस्टरला राहणारी. हातात पासपोर्टखेरीज काही नाही, आणि तेच बरोबर. ब्रिटननं ओळखपत्रासारखी कार्डं बंद केलीत. आता परवाना सरकारच्या संगणकात, पासपोर्टच्या नंबराला जोडलेला. नवा पासपोर्ट काढून तो जोडायला विसरलेली माणसं मात्र इथेच अडकतात. हिनं जोडला होता.

१२.१०
शेजारच्या चेक-इन काउंटरांवरून आखाती विमानाचा सहकारी हाक मारतो. लातूरकडचे एक आजोबा, पासपोर्टवर फक्त नाव, आडनावाचा रकाना रिकामा. नोव्हेंबर २०२२ पासून अमिरातीत व्हिजिट व्हिसावर एकाच शब्दाचं नाव चालत नाही. पण पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं नाव असेल तर चालतं. आजोबांच्या पानावर होतं. निघाले. अमेरिकेची तऱ्हा वेगळी. असा एकच शब्द ते आडनावात घालतात आणि नावाच्या जागी एफएनयू लिहितात, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. आमच्याकडे एक आजी तिकीट हातात धरून "हा फनू कोण आणि माझ्या शेजारी का?" असं विचारत होत्या.

१२.३५
काकूंचा मुलगा आला, पायात घरातल्या चपला. कोपरा कापलेला पासपोर्ट, आत व्हिसा शाबूत. अमेरिकेच्या प्रवाशांची माहिती आधी तिकडे जाते आणि होकार आल्याशिवाय बोर्डिंग पास छापलाच जात नाही. होकार आला. काकू म्हणाल्या, "बघ, म्हटलं होतं ना, आहे म्हणून."

एका कुटुंबाला मात्र थांबवावं लागलं. पॅरिस, मग लंडन, मग परत पॅरिस, आणि शेंगेनचा व्हिसा सिंगल एंट्री. लंडनला गेलं की शेंगेनमधून बाहेर पडलं, परत शिरायला दुसरी एंट्री हवी. टूर ठरवणाऱ्यानं हे सांगितलं नव्हतं. लंडनहून थेट मुंबईचं परतीचं तिकीट घेतलं तर जाता येईल, असं मी सुचवलं. वडील फोनवर भाव बघत राहिले. एक वाजला.

१.१०
आगमनाच्या बाजूनं फोन : कंपनीचं माणूस पाठवा. आमच्याच विमानानं आलेली एक जर्मन बाई. भारताचा ई-व्हिसा ऑनलाईन मिळतो, त्यावरचा पासपोर्टचा नंबर अक्षरन् अक्षर जुळावा लागतो. हिच्या ई-व्हिसावर मध्येच इंग्रजी ओ होता. पासपोर्टवर तिथे शून्य. अधिकाऱ्यानं बघताक्षणी बोट ठेवलं, कारण जर्मन पासपोर्टच्या नंबरात ओ हे अक्षर कधी येतच नाही. ते त्यात स्वरच वापरत नाहीत. फॉर्म भरताना तिनं नंबर डोळ्यांनी वाचून टाईप केला होता. तिकडच्या आमच्या काउंटरवर कुणी ताडून बघितलं नाही.

तिला गोकर्णला जायचं होतं, योगासनं शिकायला. ती रडली नाही, भांडली नाही, फक्त पासपोर्ट आणि कागद शेजारी ठेवून ते एक अक्षर पुन्हा पुन्हा बघत राहिली. निर्णय अधिकाऱ्याचा. आमच्या भाषेत ती आता आयनॅड, प्रवेश नाकारलेली. बेल्टवरची तिची बॅग उचलून परत विमानात चढवली आणि ती आली त्याच विमानानं दोनला गेली. कायदा बरोबर आहे हे मला कळतं. तरी ई-व्हिसाच्या फॉर्मनं प्रत्येक देशाच्या पासपोर्ट नंबराची घडण तपासायला काय हरकत आहे, हे मला कळत नाही.

३.००
चहा, वडापाव, आयनॅडचा अहवाल. तिकडच्या स्टेशनला मेल. थांबवलेल्या कुटुंबाचा अहवाल वेगळा, त्यात कारण नियमाच्या शब्दांत लिहावं लागतं.

५.३०
कंपनीची गाडी घरी सोडते.

दिवाळीत बाहेर निघणार असाल तर पासपोर्ट आजच काढून मुदत बघा. सिंगापूर, थायलंड, अमिरातीला पोचण्याच्या दिवसापासून पुढे सहा महिने शिल्लक लागतात. व्हिसा जुन्यात असेल तर जुना पासपोर्टही बरोबर घ्या. ई-व्हिसा आला की त्यावरचा नंबर दुसऱ्या कुणाला मोठ्यानं वाचायला सांगा आणि तुम्ही पासपोर्टवर बोट ठेवून ताडा. आणि हे सगळे कागद सुटकेसमध्ये नकोत, खांद्यावरच्या बॅगेत ठेवा.