गिटचा अबोल कारभारी

नवा लॅपटॉप हातात आला की प्रोग्रॅमर गिट कॉन्फिग ही कमांड दोनदा चालवतो. एकदा नाव नोंदवायला, एकदा ईमेल. मग ती विसरतो ते थेट काहीतरी बिनसेपर्यंत. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५च्या एप्रिलमध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी गिट लिहिलं आणि जुलैत ते जुनिओ हामानो यांच्या हाती सोपवलं. त्या गिटचं वागणं कसं असावं, हे ठरतं या कमांडमधून.

सेटिंग राहतात साध्या मजकुराच्या फाइलींत. एक फाइल त्या संगणकावरच्या सगळ्यांसाठी, दुसरी एका वापरकर्त्याची, तिसरी एकाच प्रकल्पापुरती. गिट त्या याच क्रमाने वाचतं आणि एकाच सेटिंगला दोन किमती सापडल्या तर शेवटची खरी मानतं. म्हणजे घरचा ईमेल वापरकर्त्याच्या फाइलीत ठेवावा, ऑफिसचा त्या प्रकल्पाच्या. भांडण होत नाही. २०१७ पासून तर ‘अमुक फोल्डरमध्ये असताना ही जादा फाइलही वाच’ असंही सांगता येतं.

फाइली एडिटरमध्ये उघडता येतात, मग कमांड कशाला? माझ्या मते तिची खरी किंमत लिहिण्यात नाही, विचारण्यात आहे. २०१६ मध्ये तिला ‘शो-ओरिजिन’ हा पर्याय मिळाला. तो जोडून यादी मागितली की प्रत्येक सेटिंगपुढे ती कोणत्या फाइलीतून आली हे छापून येतं. त्याआधी एकेक फाइल उघडून शोधत बसावं लागे.

प्रकल्प क्लोन केला तरी त्याची कॉन्फिग फाइल सोबत येत नाही. नवख्यांना ही गैरसोय वाटते. पण या सेटिंगांत चालवायच्या कमांडही लिहिता येतात: एडिटर कोणता, पेजर कोणता. अनोळखी माणसाची अशी फाइल आपल्या संगणकावर आपोआप लागू झाली, तर त्याच्या कमांड आपल्या नावाने चालतील. हाच धोका सामायिक संगणकावर वेगळ्या वाटेने शिरत होता: दुसऱ्याने वरच्या फोल्डरात गिटची रिपॉझिटरी करून ठेवली, तर तुमचं गिट तिचीच सेटिंग उचलायचं. एप्रिल २०२२ मध्ये ही वाट बंद झाली. दुसऱ्याच्या मालकीच्या फोल्डरात गिट आता काम नाकारतं. त्याला सूट देणारं ‘सेफ.डिरेक्टरी’ हे सेटिंग प्रकल्पाच्या फाइलीत लिहिलं तर ते मोजतच नाही. योग्यच आहे.

सगळंच इतकं शहाणपणाचं नाही. चुकीची टायपलेली कमांड दुरुस्त करून चालवणाऱ्या सेटिंगची किंमत सेकंदाच्या दहाव्या भागात मोजली जाई. ‘हो’ म्हणून १ लिहिणाऱ्याला विचार बदलायला एक दशांश सेकंद मिळे! ‘लिस्ट’, ‘गेट’, ‘सेट’ अशा सरळ उपकमांडही २०२४ मध्ये, २.४६ या आवृत्तीत आल्या; तोवर सगळा व्यवहार डॅशवाल्या पर्यायांचा.

मराठी नावांच्या फाइली ठेवणाऱ्यांना एक खोड माहीत असेल. देवनागरीच्या एकेका अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात आणि गिट प्रत्येक बाइट अष्टमान आकड्यात दाखवतं, त्यामुळे ‘म’ दिसतो ३४०, २४४, २५६ असा. फाइलीला काही झालेलं नसतं. वापरकर्त्याच्या पातळीवर ‘कोअर.कोटपाथ’ची किंमत ‘फॉल्स’ करा, नावं मराठीत दिसू लागतील.