पोकळ दस्ता आणि स्थिर नेम

बंदुकीचें नांव काढलें कीं आपलें लक्ष नळीकडे आणि चापाकडे जातें. खांद्याला टेकणारा आणि हाताला आधार देणारा जो दस्ता, त्याची विचारपूस कोणी करीत नाहीं. मीही करीत नसें. शाळेंत असतांना राष्ट्रीय छात्रसेनेंत आमच्या हातीं जी .२२ ची बंदूक येई, तिचा दस्ता लाकडी, भरीव आणि चांगला जड असे. तो वाकत असेल कीं काय, असा प्रश्न मनांत येण्याचें कारणच नव्हतें. हा प्रश्न मला पडला तो साठी उलटल्यावर, आणि तोही नातीमुळें.

१ ऑगस्ट २०२४ रोजीं कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफलच्या तीन आसनांच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. त्यापूर्वीं, २०१० सालीं, कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिच येथें विश्वविजेत्या झाल्या होत्या. अशीं नांवें कानीं पडूं लागलीं म्हणजे घरोघरच्या मुलांना नाद लागतो. पुण्यास शिकणाऱ्या माझ्या नातीनें छर्र्याच्या बंदुकीचा सराव सुरू केला, आणि सुटींत घरींही हात चालू राहावा म्हणून मीं तिला काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याची एक स्वस्त बंदूक घेऊन दिली.

दिवाळींत ती बोरीस आली. परसांत मातीचा उंच बांध, त्यापुढें छर्रे अडविणारी लोखंडी पेटी आणि दहा मीटरांवर कागदी लक्ष्य, अशी व्यवस्था केली. पण घडे असें, कीं बंदूक सैल धरली तर छर्रे एका जागीं लागत आणि पट्टा हाताभोंवतीं ताणून धरली तर तेच छर्रे दुसरीकडे जात. नेम तोच, डोळा तोच. पोर रडकुंडीस आली आणि "आबा, माझाच हात वाईट आहे," असें म्हणूं लागली. तेव्हां मात्र मीं चष्मा पुसून बंदूक मांडीवर घेतली.

दस्त्यावर टिचकी मारली तों रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. नळी आणि दस्ता यांच्या फटींतून वहीचा कागद सरकविला. बंदूक मोकळी असतां तो सहज सरके, पट्टा ताणला कीं अडके. म्हणजे दस्त्याचा पुढला भाग वाकून नळीस टेकत होता आणि तिला ढकलीत होता. एवढ्याशा स्पर्शानें काय होणार, असें कोणी म्हणेल. हिशेब करून पाहा. अर्ध्या मीटर लांबीच्या नळीचें टोंक मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकें ढळलें, तर दहा मीटरांवर तो फरक दोन मिलिमीटरांचा होतो. त्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका असतो अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा, आणि लगतच्या दोन वर्तुळांत अंतर असतें अडीच मिलिमीटरांचें. जवळजवळ एक गुण त्या स्पर्शानें खाल्ला! नातीच्या हाताचा त्यांत कांहीं दोष नव्हता.

कारखानदारासही मी दोष देत नाहीं. वितळलेलें प्लास्टिक सांच्यांत दाबून दस्ता घडवितात. भिंत जाड केली तर ती सावकाश आणि असमान निवते, पृष्ठभागास खळगे पडतात, आणि मालही अधिक लागतो. म्हणून पातळ कवच करून आंत फासळ्या ठेवतात. असा दस्ता पावसाळ्यांत लाकडासारखा फुगत नाहीं, हा त्याचा मोठाच गुण. पण तो वरून उघडा असतो. नळीसाठीं त्यास पन्हळीचा आकार द्यावा लागतो, आणि त्याच्या दुर्बलतेचें मूळ या उघडेपणांत आहे.

हें घरीं पाहतां येईल. जाड कागदाची नळी करून तिची कड पक्की चिकटवा आणि दोन्ही टोंकें धरून पिळा. ती दाद देत नाहीं. आतां कात्रीनें लांबीभर एकच चीर द्या आणि पुन्हां पिळा. कागद तोच, वजन तेंच, पण नळी लुळी पडते. प्लास्टिकच्या दस्त्याचा पुढला भाग म्हणजे ही चिरलेली नळी होय. उलट, आमच्या कुकडीकाठचा कळक पाहा. तो पोकळ असून वाऱ्यांत मोडत नाहीं; कारण तो चहूंकडून बंद आहे आणि पेरापेराशीं त्याला आंतून पडदा आहे.

आतां वजनाविषयीं. कडकपणा आणि वजन हीं दोन निराळीं कामें आहेत, आणि पुष्कळांची फसगत हीं एक समजण्यांतच होते. कडकपणा पाहिजे पुढें, जेथें दस्ता वाकतो. वजनाचें काम दुसरें. कमानीच्या बंदुकींत छर्रा नळीबाहेर पडण्यापूर्वींच आंतला दट्ट्या झेपावतो आणि बंदूक हिसका खाते. बंदूक तीन किलोची असेल त्याऐवजीं चार किलोची केली, तर मागें सरकण्याचा तिचा वेग पाऊणपट होतो. शिवाय दोरीवरून चालणारा डोंबारी लांब काठी आडवी धरतो ती कां, हें आठवा: टोंकांशीं असलेलें वजन लवकर हेलकावत नाहीं. पण सारें वजन पुढच्या टोंकास लादलें तर डावा हात दहा मिनिटांत थरथरूं लागतो. कवच हलकें असल्यामुळें अशा बंदुकीचा तोल आधींच पुढें झुकलेला असतो. म्हणून भर घालावयाची ती बहुधा मागें, खांद्याजवळ.

हें शहाणपण मला आधीं नव्हतें. पहिल्या खेपेस मीं मागल्या पोकळींत वाळू भरली. ती आंत सरके, बंदूक उचलली कीं सळसळे, आणि तोल दर वेळीं निराळा. मग रागानें पुढल्या पन्हळींत एपॉक्सी राळ एकदम ओतली. ही राळ घट्ट होतांना स्वतःच तापते, आणि जितका गोळा मोठा तितकी अधिक. पातळ भिंत मऊ पडली, दस्ता केळ्यासारखा वाकला आणि तसाच थिजला. दुसरा दस्ता विकत आणावा लागला. मास्तरकी करून पोट भरलेल्या माणसास ही फी जरा जड गेली.

दुसऱ्या वेळीं क्रम असा ठेवला. बंदूक रिकामी असल्याची दोनदां खात्री करून नळी दस्त्यापासून वेगळी केली. आंतला भाग कांचकागदानें घांसून स्पिरिटनें पुसला. यांतलें कांहीं प्लास्टिक राळेस मुळींच धरत नाहीं. म्हणून फासळ्यांना लहान भोंकें पाडलीं, म्हणजे राळ त्यांतून आरपार जाऊन अडकून बसते. पन्हळींत ॲल्युमिनियमची पोकळ नळी लांबीनें बसविली आणि तिच्याभोंवतीं राळ थोडी थोडी, प्रत्येक थर निवल्यावर पुढचा, अशी भरली. स्क्रूंना व्हॅसलीन फासलें, नाहीं तर ते जन्माचे अडकतात. थर घट्ट होईपर्यंत दस्ता सपाट फळीस बांधून ठेवला, आणि बंदुकीची नळी बसते ती जागा कोरी सोडली.

मागच्या बाजूस शिशाचे छर्रे घातले. शिसें पाण्याच्या सवाअकरापट जड, आणि राळ पाण्याहून थोडीच जड. तेव्हां नुसत्या राळेनें वजन येत नाहीं. छर्र्यांमध्यें फटी राहतात, तरीही १०० घनसेंटिमीटर पोकळींत सहाशें ग्रॅमांहून अधिक माल मावतो. मीं ते आधीं कापडी पिशवींत भरून पोकळींत घट्ट बसविले आणि आठ दिवस तसेच राहूं दिले. राळ ओतल्यावर माघार नसते. शिसें विषारी आहे. हातमोजे घालावेत, नंतर साबणानें हात धुवावेत, स्वयंपाकघरांतील भांडें त्यास लावूं नये, आणि तें घरांत वितळविण्याचें धाडस तर कदापि करूं नये. लहान मुलांस त्याची बाधा अधिक होते.

हें सारें छर्र्याच्या बंदुकीचें झालें. परवान्याच्या काडतुसी बंदुकीस घरीं हात लावूं नये. तें काम परवानाधारक कारागिराचें. आणि ज्यांना स्पर्धेंत उतरावयाचें असेल त्यांनीं तराजू जवळ ठेवावा, कारण दहा मीटरांच्या स्पर्धेंत साऱ्या सरंजामासह बंदूक साडेपांच किलोंहून जड चालत नाहीं.

आठवे दिवशीं नातीनें पट्टा ताणून पांच छर्रे मारले, मग सैल धरून पांच. कागद आणला तों दोन्ही पुंजके एकमेकांवर. मला वाटलें, आणखी पाव किलो घातलें तर अधिकच बरें होईल. पिशवी काढूं लागलों तों ती म्हणाली, "नको आबा, दंड दुखतो. उलट मूठभर काढाच." मूठभर काढले, आणि उरलेल्यांवर राळ ओतली.