गोवा : काबिजादीपासून घटकराज्यापर्यंत

गोव्याची कथा पुष्कळदा वास्को द गामापासून सांगण्यात येते. वास्तविक हा दर्यावर्दी १४९८ साली कालिकतजवळ उतरला, तेव्हा गोवा हे बंदर काही अज्ञात नव्हते. इराणी आखातातून येणारे घोडे तेथे उतरत, आणि त्या व्यापारासाठी बहामनी व विजयनगर या दोन्ही सत्ता त्या बंदरावर डोळा ठेवून असत. ‘शोध’ लागला तो पोर्तुगालला. त्यांच्या अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी आदिलशाहीकडून ते शहर घेतले, आणि तेथे परसत्तेचे ठाणे बसले ते साडेचारशे वर्षे.

परंतु आज आपण ज्याला गोवा म्हणतो तो सबंध प्रदेश त्या दिवशी गेला नाही, ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढचे बरेचसे राजकारण तिच्यातून उगवले आहे. तिसवाडी, आणि १५४३ पासून बारदेश व साष्टी, या जुन्या काबिजादी. तेथे धर्मांतरे झाली, १५६० पासून इन्क्विझिशनचा जाच झाला. फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, काणकोण या नव्या काबिजादी हाती आल्या त्या अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तेथील देवळे राहिली, सत्तरीच्या राण्यांची बंडेही तेथेच झाली. एकाच सत्तेखालच्या या दोन भागांत दोनशे वर्षांहून अधिक अंतर होते.

स्वातंत्र्याचा लढा आपल्या पिढीला वडीलधाऱ्यांच्या तोंडून माहीत आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा व नगर हवेली मोकळी झाली. आपल्या दिंडोरी तालुक्यात उगम पावणारी दमणगंगा त्याच मुलखातून दमणच्या समुद्राला मिळते, तेव्हा हा लढा नाशिककरांना परका नव्हता. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. शेवटी १९ डिसेंबर १९६१ रोजी, शेवटपर्यंत लढण्याचा सालाझारचा हुकूम असतानाही, गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली.

खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो. मुक्त झालेल्या गोव्याने जावे कोठे?

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. कोणतीही सरहद्द दिसली की तिच्या आत राबतो कोण, हे आधी पाहण्याची आम्हांस खोड आहे. गोव्यात राबत होता मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणारा आणि त्याच्या मर्जीवर टिकणारा माणूस. राबत होते कूळ, डिचोली-सांग्याच्या खाणींतला मजूर, मुरगाव बंदरातला हमाल. सालाझारच्या अमलात या कोणालाच स्वतंत्र संघटना करण्याची मुभा नव्हती. यांच्यापैकी पुष्कळांना दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष आपला वाटला. (बांदोडकर स्वतः खाणमालक होते! चळवळीत असे योग येतात.) पूर्वीच्या मुंबई राज्याच्या कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवून कसणाराला जमिनीचा मालक मानले होते. महाराष्ट्रात गेलो तर आपल्यालाही जमीन मिळेल, ही कुळाची आशा आमच्या मते भाषाप्रेमाइतकीच बळकट होती.

उलट बाजूच्या लोकांना आपल्याकडे सरसकट महाराष्ट्रद्वेष्टे म्हणण्यात आले, ते अन्यायाचे होय. महाराष्ट्राच्या एका टोकाचा जिल्हा होऊन राहिलो तर मुंबईत आपले ऐकणार कोण, ही त्यांची शंका होती. कोकणीला बोली म्हणून बाजूस सारतील, ही दुसरी. दारूबंदी आली तर माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराने खायचे काय, ही तिसरी. आणि तीही पोटाचीच. विलीनीकरणाविरुद्धचा मोठा प्रचार ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकातून झाला, उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यातच येई. महाराष्ट्रात यायचे नाही हे मराठीतून पटवून दिले गेले, यावर आपण फारसा विचार केलेला नाही.

१६ जानेवारी १९६७ रोजी कौल झाला. फुलावर शिक्का म्हणजे महाराष्ट्र, दोन पानांवर शिक्का म्हणजे संघप्रदेश. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ चा. नव्या काबिजादींत फुलाचा जोर, साष्टीत पानांचा, हे खरे. पण गोव्यात हिंदू बहुसंख्य असून विलीनीकरण हरले, तेव्हा निव्वळ धर्माचे गणित येथे चालत नाही. आणि त्याच मतदारांनी दोनच महिन्यांनी बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवले. कारभारी तुम्ही, पण घर वेगळे, असा तो चोख हिशेब होता.

कुळाच्या आशेचे काय झाले? १९६४ चा कूळकायदा, १९७५ चा मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा आणि कसणाराला मालकी देणारी १९७६ ची दुरुस्ती, हे सारे गोव्याच्या स्वतःच्या विधानसभेत झाले. ज्यासाठी कूळ महाराष्ट्राकडे पाहत होते, त्याचा कायदा त्याला पणजीत करून घेता आला. अंमलबजावणी रखडली, खटले वर्षानुवर्षे चालले, ही गोष्ट वेगळी.

संघप्रदेशाला मात्र दिल्लीचा लगाम असतो. भाषेचा तंटा चिघळून ४ फेब्रुवारी १९८७ रोजी कोकणी राजभाषा झाली व मराठीच्याही सरकारी वापराची सोय त्याच कायद्यात ठेवली गेली. त्यानंतर ३० मे १९८७ रोजी गोवा हे भारताचे पंचविसावे राज्य झाले.

त्या दिवशी दमण व दीव गोव्यापासून तुटले. २६ जानेवारी २०२० पासून ते दादरा व नगर हवेलीला जोडून एकच संघप्रदेश करण्यात आला आहे. सिल्वासा आणि दमणच्या कारखान्यांत आज हजारो कामगार राबतात, आणि त्यांच्या मुलखाला विधानसभा नाही.