उपासना आणि मायबोली

"गुरुजी, तुमच्या चर्चमध्यें प्रार्थना कोणत्या भाषेंत होते?" असें इतर धर्मांचे विद्यार्थी आम्हांस पुष्कळदां विचारतात. नांदेडच्या मुलांस हा प्रश्न सुचावा हें स्वाभाविकच आहे. गुरुद्वाऱ्यांतील गुरुबाणी, मशिदींतील अरबी नमाज व देवळांतील संस्कृत मंत्र हीं सर्व त्यांच्या कानांवर नित्य पडतात. आमचें उत्तर एका शब्दाचें आहे: मराठींत. परंतु या एका शब्दामागें मोठा इतिहास आहे.

कॅथॉलिक पंथाची मुख्य उपासना म्हणजे मिस्सा. प्रभु येशूनें शिष्यांसह घेतलेल्या अखेरच्या भोजनाचें स्मरण करून भाकर व द्राक्षारस तींत अर्पण करितात. 1570 सालीं पोप पाचवे पायस यांनीं तिचा विधि निश्चित केला. तेव्हांपासून जवळजवळ 400 वर्षें तो बहुतेक सर्वत्र लॅटिनमध्येंच चालला. धर्मगुरु मंत्र म्हणत आणि भाविक जपमाळ ओढीत.

तथापि मराठीची थोरवी जाणणारे धर्मगुरु त्याही काळीं होते. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट 1579 सालीं गोव्यास आले. त्या सुमारास आपल्या मराठवाड्यांत, पैठणास, संत एकनाथ ओवीबद्ध ग्रंथ रचीत होते. त्याच ओवीछंदांत स्टीफन्स यांनीं 'ख्रिस्तपुराण' लिहिलें व तें 1616 सालीं छापलें गेलें. पुढें 1684 सालीं पोर्तुगीज सरकारनें लोकभाषा सोडून देण्याचा हुकूम काढिला. पण भाषा हुकुमानें मरत नाहीं.

अखेर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें 4 डिसेंबर 1963 रोजीं उपासनेंत लोकभाषेस वाट करून दिली. 1969 सालीं भारतांतील मिस्सेंत पादत्राणें काढणें, मांडी घालून बसणें, हात जोडणें व आरती ओवाळणें यांस मान्यता मिळाली. नांदेड व लातूर हे जिल्हे 1977 सालीं स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतांत येतात.

मायबोलीमुळें उपासना सोपी झाली असें लोक म्हणतात. आम्हांस वाटतें, ती अवघड झाली. मिस्सेंत एकमेकांस शांतीचा नमस्कार करावयाचा असतो. लातूरकडील एका खेड्यांत बांधाच्या तंट्यावरून अबोला धरलेले दोन चुलतभाऊ आम्हीं शेजारीं उभे असलेले पाहिले. धाकट्यानें हात जोडले. थोरला खालीं पाहत राहिला. लॅटिन असती तर शब्द कळले नाहींत म्हणून तो सुटला असता. आतां क्षमेचा प्रत्येक शब्द त्याच्याच घरचा होता. त्याचे हात जुळावयास तीन रविवार लागले; पण जुळले.

मुलांनो, तुमचा धर्म कोणताही असो, रोज म्हणतां त्या प्रार्थनेचा अर्थ आज आईवडिलांस विचारा. त्यांस न आला तर दोघांनीं मिळून शोधा. अर्थ कळला कीं प्रार्थना तेवढ्यावर संपत नाहीं. तेथूनच तिचें काम सुरू होतें.