ट्रेलरचा कोन आणि कॅमेऱ्याची नजर

1 मे 2018 पासून अमेरिकेत विक्रीसाठी तयार होणाऱ्या जवळपास प्रत्येक नव्या मोटारीत मागचा कॅमेरा असतो, कारण तो आता कायद्यानेच बंधनकारक आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर 2002 मध्ये कॅमेरॉन गुलब्रान्सन हा दोन वर्षांचा मुलगा मागे येणाऱ्या गाडीखाली सापडून दगावला. त्याच्या नावाचा कायदा 2008 मध्ये झाला, अंतिम नियम 2014 मध्ये आला आणि पूर्ण अंमलबजावणीला आणखी चार वर्षे लागली. अशा अपघातांत दरवर्षी सरासरी 210 माणसे मरतात आणि 15,000 जखमी होतात, असा तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाचा तेव्हाचा अंदाज होता. म्हणून नियम नेमका केला गेला. गाडीमागची सुमारे तीन मीटर रुंद आणि सहा मीटर लांब जागा पडद्यावर दिसली पाहिजे, आणि रिव्हर्स गिअर टाकल्यापासून दोन सेकंदांत दिसली पाहिजे. पण त्याच गाडीला सुट्टीच्या दिवशी छोटा कॅम्पिंग ट्रेलर जोडला की ही सगळी जागा झाकली जाते. पडद्यावर दिसतो तो ट्रेलरचा पुढचा दांडा आणि त्यामागचा पत्रा. कॅमेरा आता कुचकामी झाला, असे समजून बरेच लोक ट्रेलरच्या पाठीवर दुसरा कॅमेरा बसवतात. दुसरा कॅमेरा हवाच. पण झाकला गेलेला पहिला कॅमेरा निरुपयोगी ठरवणे ही मोठी चूक आहे, कारण छोटा ट्रेलर मागे घेताना चालकाला सर्वांत जास्त गरज ज्या माहितीची असते, ती त्याच पडद्यावर असते.

अमेरिकेत 1930च्या दशकापासून टिअरड्रॉप नावाचे ट्रेलर लोक घरच्या घरी बांधत आले आहेत. पुढून गोल, मागे निमुळता होत जाणारा, आत दोघांना झोपण्यापुरती जागा आणि मागचे झाकण उचलले की ओटा. 1947 मध्ये ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकाने त्याचे आराखडे छापले आणि हा प्रकार घरोघरी पोचला. बॉडी साधारण आठ फूट लांब, चार ते पाच फूट रुंद. वजन बऱ्याचदा पाच-सहाशे किलोंच्या आसपास. साधी मोटारसुद्धा तो ओढू शकते, हे त्याचे मोठे आकर्षण. इतकी लहान वस्तू मागे घ्यायला सोपी असणार, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात उलटे घडते. मोठा कॅरव्हॅन गाडीपेक्षा रुंद असतो, त्यामुळे तो दोन्ही बाजूंच्या आरशांत सतत दिसत राहतो. चार फूट रुंदीचा ट्रेलर मात्र पावणेदोन-दोन मीटर रुंदीच्या गाडीमागे सरळ उभा असेल तर आरशात दिसतच नाही. फार तर त्याच्या चाकांवरचे मडगार्ड बाहेर डोकावतात, तेवढाच आधार. आरशाच्या जागेचा आणि गाडीच्या मागच्या कोपऱ्याचा साधा हिशेब मांडला, तर अशा ट्रेलरच्या बॉडीचा मागचा कोपरा आरशात यायला ट्रेलर सुमारे तीन-चार अंश वळलेला असावा लागतो. म्हणजे चालकाला पहिली खबर मिळते तेव्हा ट्रेलर आधीच वाकडा झालेला असतो. तीन अंश म्हणजे किती, असे म्हणून हे सोडून देता येत नाही, आणि त्याचे कारण गणितात आहे.

गाडी पुढे चालते तेव्हा मागचा ट्रेलर आपोआप सरळ होतो. मागे चालते तेव्हा स्टिअरिंग अगदी सरळ धरले तरी ट्रेलरचा तिरपेपणा वाढतच जातो. किती वेगाने वाढतो, हे एकाच मापावर ठरते: गाडीला ट्रेलर जिथे जोडतात त्या हिचच्या बॉलपासून ट्रेलरच्या चाकांच्या आसापर्यंतचे अंतर. तेवढे अंतर गाडी मागे गेली की लहान कोन सुमारे 2.7 पट होतो. पुन्हा तेवढी गेली की पुन्हा 2.7 पट. टिअरड्रॉपमध्ये हे अंतर साधारण अडीच मीटर धरू. तीन अंशांनी सुरुवात झाली, तर अडीच मीटरनंतर आठ अंश, पाच मीटरनंतर बावीस, आणि साडेसात मीटरनंतर पंचावन्न. हेच अंतर सहा मीटर असलेल्या मोठ्या कॅरव्हॅनमध्ये साडेसात मीटर मागे गेल्यावरही कोन दहा अंशांच्या जेमतेम वर जातो. तळहातावर काठी उभी तोलून धरण्याचा खेळ ज्यांनी केला असेल त्यांना हे लगेच पटेल. लांब काठी सावकाश कलते आणि हात सरकवायला वेळ देते, पेन्सिल मात्र हात हलायच्या आत पडते. अगदी चालण्याच्या वेगाने, सेकंदाला एक मीटर, गाडी मागे घेतली तरी तीन अंशांचे बावीस व्हायला पाच सेकंद पुरतात. त्यापुढे एक अशी मर्यादा येते जिथून मागे जात राहून ट्रेलर सरळ करताच येत नाही. स्टिअरिंग पूर्ण फिरवले तरी कोन वाढतच जातो आणि शेवटी गाडी व ट्रेलर एकमेकांवर दुमडतात. ही मर्यादा गाडीगणिक बदलते, पण साध्या मोटारीमागच्या छोट्या ट्रेलरसाठी ती 45 अंशांच्या आसपास निघते. उलट ट्रेलर पुरेसा लांब असेल तर बऱ्याच मोठ्या कोनातूनही त्याला मागे जातच सरळ करता येते. थोडक्यात, ट्रेलर जितका आखूड तितकी चूक सुधारायला सवड कमी, आणि जितका अरुंद तितकी ती चूक दिसायला उशीर. छोट्या ट्रेलरमध्ये हे दोन्ही दोष एकत्र येतात.

म्हणूनच पाठीमागे काय आहे या प्रश्नाइतकाच, किंबहुना त्याच्याही आधी, कोन किती आहे हा प्रश्न येतो. यंत्राला ट्रेलर मागे घ्यायला शिकवण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांतही हेच दिसते. स्टॅनफर्ड विद्यापीठात बर्नार्ड विड्रो आणि डेरिक न्गुयेन यांनी 1989च्या सुमारास कृत्रिम मज्जाजालाला संगणकावर ट्रेलरट्रक मागे घ्यायला शिकवले. त्या जालाला पुरवलेली माहिती मोजकीच होती: ट्रकच्या पुढच्या भागाची दिशा, ट्रेलरची दिशा आणि ट्रेलरची मागची कड कुठे आहे. फोर्डने 2016च्या एफ-150 पिकअपमध्ये ट्रेलर मागे घेणारी जी यंत्रणा आणली, ती याहून बोलकी आहे. ट्रेलरच्या दांड्यावर चौकटींचे एक स्टिकर चिकटवायचे. गाडीचा मागचा कॅमेरा त्या स्टिकरवर नजर ठेवून कोन मोजतो, आणि चालकाने छोटे बटण फिरवून दिलेल्या दिशेनुसार स्टिअरिंग आपोआप वळते. सुरुवातीला काही अंतरे मोजून भरावी लागतात, त्यात ट्रेलरच्या आसापर्यंतचे अंतर असतेच, आणि ते का लागते हे वरच्या गणितावरून कळेल. फोक्सवॅगनची युरोपातली यंत्रणाही मागच्या कॅमेऱ्याने दांड्याचा कोन वाचते. म्हणजे ज्या पडद्यावर आपल्याला नुसता पत्रा दिसतो, तिथे अभियंत्यांना सर्वांत मोलाची माहिती सापडली. ही यंत्रणा नसलेल्या चालकालाही त्या माहितीचा लाभ घेता येतो. दांड्याच्या मध्यावर भडक रंगाची पट्टी लावावी आणि गाडी व ट्रेलर सरळ रेषेत असताना ती पडद्यावर कुठे दिसते ते लक्षात ठेवावे. पट्टी बाजूला सरकू लागली की एक-दोन अंशांतच कळते, आरसा काही सांगण्याच्या आधी.

आता ट्रेलरच्या पाठीवरचा कॅमेरा. त्याची गरज का पडते, याचे उत्तर अमेरिकी कॅम्पग्राउंडच्या रचनेत आहे. मोटारी आल्यावर तिथल्या जंगलांत लोक हवे तिथे गाडी घालू लागले आणि चाकांखाली माती दबून झाडांची मुळे मरू लागली. वनखात्यातले वनस्पतिरोगतज्ज्ञ ई. पी. माइनेके यांनी 1932 मध्ये यावर तोडगा मांडला: एकेरी वळसा घेणारा रस्ता, त्याला फुटलेल्या छोट्या तिरप्या फाट्या, प्रत्येक फाटीत एक गाडी, आणि गाडी झाडांकडे जाऊ नये म्हणून कडेला दगड किंवा ओंडके. आजही कित्येक राष्ट्रीय उद्यानांत अशा आखणीच्या जागा आहेत, आणि ट्रेलर असेल तर तिथे उलटेच शिरावे लागते. ते गुडघ्याएवढे दगड ना आरशात दिसतात ना काचेतून. ट्रेलरच्या पाठीवरचा कॅमेरा ते दाखवतो, आणि मागे आलेले मूलही दाखवतो, ज्याच्यासाठी मुळात कायदा झाला.

पण या पडद्यावरच्या रंगीत रेषांवर डोळे झाकून विसंबू नये. त्या रेषा सपाट जमिनीच्या हिशेबाने आखलेल्या असतात. जमिनीपासून उंचावर असलेली वस्तू चित्रात वर सरकते, म्हणून आहे त्यापेक्षा दूर भासते. कॅमेरा 1.2 मीटर उंचीवर असेल आणि 75 सेंटिमीटर उंचीच्या लाकडी टेबलाची कड त्याच्यापासून एक मीटरवर असेल, तर ती कड जमिनीवरच्या अडीच मीटरहून दूरच्या रेषेवर दिसते. फांदी, टेबल, शेजारच्या गाडीचा उघडा दरवाजा, सगळ्यांची हीच गत. शिवाय हा कॅमेरा ट्रेलरबरोबर वळतो, त्यामुळे चित्रात ट्रेलर नेहमी सरळच असतो. गाडीशी त्याचा कोन किती, हे त्यावरून समजणे कठीण. त्या पडद्याकडे बघून स्टिअरिंग फिरवणारा चालक हमखास उशिरा आणि जास्त फिरवतो. बिनतारी कॅमेऱ्याचे चित्र समजा दोन दशांश सेकंद उशिरा आले, तर चालण्याच्या वेगात तेवढ्यात ट्रेलर वीस सेंटिमीटर मागे गेलेला असतो. म्हणून या कॅमेऱ्याचे काम एकच ठेवावे: कधी थांबायचे ते सांगणे. कुठे वळायचे, ते दांड्यावरच्या पट्टीने आणि आरशांनी ठरवावे.

जुन्याजाणत्या चालकांचा आक्षेप असतो की हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा, ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडे हात न्या, आरशात बघा, कॅमेरा कशाला? ही रीत उत्तम आहे आणि शिकायलाच हवी. पण तिचा सगळा भार आरशावर आहे, आणि आरशात न दिसणाऱ्या ट्रेलरपुढे तिचा निम्मा जोर जातो. हे चालकांना ठाऊक असते. म्हणूनच लहान ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्यांवर उंच काठ्या किंवा झेंडे लावण्याची पद्धत आहे. दुसरा आक्षेप असा की पाचशे किलोंचा ट्रेलर सोडून दोघांनी हाताने ढकलावा, प्रश्नच मिटला. सपाट, टणक जमिनीवर हे खरोखर सर्वांत सोपे. पण खडीवर तो हलत नाही आणि उतारावर सुटला तर आवरत नाही. तिसरा उपाय म्हणजे मागे माणूस उभा करणे. तो कॅमेऱ्यापेक्षा सरस आहे, यात शंका नाही. मात्र तो माणूस नेमका धोक्याच्याच जागी उभा असतो, आणि चालकाला तो सतत दिसत राहावा यासाठीही कॅमेरा लागतो.

सर्वांत वजनदार आक्षेप हा की पडदा माणसाला बेसावध करतो. त्याला पुरावाही आहे. इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेच्या अभ्यासांनुसार मागचे कॅमेरे न दिसणारी जागा सरासरी 90 टक्क्यांनी कमी करतात. पण पोलिसांत नोंद झालेले मागे घेतानाचे अपघात त्यांच्यामुळे सुमारे 17 टक्क्यांनीच घटले. दिसणे आणि पाहणे यांतले हे अंतर मोठे आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. तरी त्यातून निघणारा निष्कर्ष कॅमेरा काढून टाकण्याचा नाही. एकाच पडद्याकडून सगळे काम करवून घेण्याची अपेक्षा सोडावी, हा आहे. याच कारणाने ‘पारदर्शक ट्रेलर’च्या कल्पनेबद्दलही सावध राहायला हवे. टाटा समूहातल्या जॅग्वार लँड रोव्हरने 2015 मध्ये गाडीचे आणि ट्रेलरचे कॅमेरे जोडून ट्रेलर जणू नाहीच असे चित्र दाखवण्याचा प्रयोग मांडला होता. महामार्गावर मागची वाहने बघायला हे फार उपयोगी. पण फाटीत उलटे शिरताना जो ट्रेलर सांभाळायचा तोच नजरेआड होत असेल, तर ते चित्र कामाचे नाही.

एक गोष्ट मात्र चालकाच्या हातात नाही. अमेरिकेत पुष्कळ छोट्या ट्रेलरना चार पिनांचा चपटा प्लग असतो. त्यात अर्थिंगची वायर, मागचे दिवे आणि डाव्या-उजव्या इंडिकेटर-ब्रेकच्या दोन वायरी, एवढेच. रिव्हर्सच्या दिव्याची वायर नाही, कायम वीज देणारीही नाही. त्यामुळे मालक कॅमेरा मागच्या दिव्यांच्या वायरीवर जोडतात आणि भर दुपारी कॅमेरा चालण्यासाठी गाडीचे दिवे लावून ठेवतात. लावायचे विसरले तर पडदा काळा. मोठ्या ट्रेलरच्या सात पिनांच्या प्लगमध्ये या दोन्ही वायरी असतात. 2018चा नियम मोटारींना लागू आहे, ट्रेलरना नाही, म्हणून ही उणीव वर्षानुवर्षे तशीच आहे. छोटा ट्रेलर विकत घेणाऱ्याने, आणि त्यात अमेरिकेतली मराठी कुटुंबेही आली, रंग आणि गादी पाहण्याआधी प्लगच्या पिना मोजाव्यात, आणि चारच असतील तर सात पिनांचा प्लग बसवून देण्याची मागणी पैसे देण्यापूर्वी करावी.