दूरध्वनीवरील अटक

गेल्या श्रावणांतील गोष्ट. माझे एक स्नेही, सरकारी नोकरींतून निवृत्त झालेले, सकाळपासून खोलीचें दार लावून बसले होते. सूनबाईंनीं दोनदां हांक मारली. ‘काम आहे’ एवढेंच उत्तर आलें. दुपारीं ते ठेवपावती घेऊन बाहेर पडूं लागले, तेव्हां त्यांचे हात कांपत होते. नातवानें खिशांतला चालू फोन काढून बंद केला, म्हणून जन्माची पुंजी वांचली.

प्रकार असा घडला होता. मोबाइलच्या पडद्यावर एक गणवेषधारी गृहस्थ प्रकटले. ‘तुमच्या आधारकार्डावर खातें उघडून कोणीं काळा पैसा फिरविला आहे. तुम्हांस अटक झाली आहे. ठेव मोडून रक्कम तपासणीसाठीं आमच्या खात्यांत भरा. निर्दोष ठरलांत तर परत मिळेल. बँकेंत जातांना फोन बंद करूं नका.’ यालाच ‘डिजिटल अरेस्ट’ असें भारदस्त नांव आहे. वस्तुतः आपल्या कायद्यांत अशी अटकच नाहीं. पंतप्रधानांनीं २७ ऑक्टोबर २०२४ रोजीं ‘मन की बात’मध्यें तें स्पष्टपणें सांगितलेंही होतें.

माझे स्नेही वर्तमानपत्र माझ्याहून बारकाईनें वाचतात. मग ते सांपळ्यांत सांपडले कसे? त्या ठगाचें खरें शस्त्र गणवेष नव्हे, एक वाक्य होतें: ‘घरांत कोणाला सांगाल तर तेही अडकतील.’ चाळीस वर्षें निष्कलंक नोकरी केलेल्या माणसाला तुरुंगाहून अब्रूचें भय अधिक. नीतिकार राजाला बजावतात कीं, मसलत तिसऱ्या कानीं जाऊं देऊं नये. येथें ती मुद्दाम जाऊं द्यावी. पैसे मागणारा जो कोणी ‘गुप्त ठेवा’ म्हणेल, त्याचें बोलणें तत्काळ माजघरांत सांगावें. मग सासूबाई असोत कीं शाळकरी नातू.

यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठीं लागतो, घेण्यासाठीं कधींच नाहीं, हेंही घरांतील वडीलधाऱ्यांस एकदां समजावून द्यावें. आणि रक्कम गेलीच, तर लाजेनें रात्र दवडूं नये. १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेस ताबडतोब कळवावें. चोरीचा पैसा घटकाभरांत या खात्यांतून त्या खात्यांत पळतो; तो वाटेंत अडविण्याची आशा असते ती पहिल्या कांहीं तासांतच.

स्नेह्यांनीं महिनाभर ही हकीगत कोणाला सांगूं दिली नाहीं. हल्लीं मात्र पारावर ते स्वतःच ती रंगवून सांगतात. येथें लिहिण्यासही त्यांनींच संमति दिली. नांव तेवढें घालूं नका, म्हणाले.