माझं दुकान, मेरी दुकान, मा बुतीक

नागपूरच्या गांधीबागेतल्या ठोक कापड बाजारात दुपारी एखाद्या गादीवर थोडा वेळ बसून नुसतं ऐकावं. मालक समोरच्या गिऱ्हाइकाला सांगत असतात, “आमचं दुकान सकाळी दहाला उघडतं.” तेवढ्यात फोन वाजतो आणि त्याच दमात ते म्हणतात, “हाँ भाई, अपनी दुकान खुली है, आ जाओ.” दुकान तेच, पण मराठीत ते नपुंसकलिंगी आणि हिंदीत स्त्रीलिंगी. ‘आमचं’ आणि ‘अपनी’ यांच्यामध्ये जीभ क्षणभरही थांबत नाही. खुद्द बागेचंही तसंच आहे. मराठीत ‘माझी बाग’, हिंदीत ‘मेरा बाग़’.

या बाजाराच्या मागच्या गल्लीत मी आठवड्यातून दोनदा फ्रेंच शिकवायला जाते. खाली दुकान, वर घर. शिकणारी मुलगी बारावीतली. दोन भाषांमधली लिंगं लहानपणापासून बिनचूक बदलणारी ही मुलगी फ्रेंचमधल्या ‘माझा-माझी’पाशी येऊन अडली. वहीत तिनं ‘तिचा भाऊ’ याचं फ्रेंच ‘सा फ्रेर’ असं लिहिलं होतं आणि ते चूक का, हे तिला कळेना. “मॅडम, भाऊ तर मुलीचा आहे न? मंग ‘सा’ काऊन नाही?” या एका प्रश्नात फ्रेंच स्वामित्वदर्शक शब्दांविषयीचे निम्मे गैरसमज सामावलेले आहेत.

आधी शब्द मांडून घेऊ. ‘माझा’साठी मों, मा, मे. ‘तुझा’साठी तों, ता, ते. ‘त्याचा’ किंवा ‘तिचा’साठी सों, सा, से. प्रत्येक त्रिकुटातला पहिला शब्द पुल्लिंगी एकवचनी नामापुढे, दुसरा स्त्रीलिंगी एकवचनी नामापुढे आणि तिसरा कुठल्याही अनेकवचनापुढे येतो. पुढे ‘आमचा’साठी नोत्र आणि नो, ‘तुमचा’साठी वोत्र आणि वो, ‘त्यांचा’साठी लर, ज्याला अनेकवचनात एक ‘एस’ चिकटतो. एकूण पंधरा रूपं. मराठीला तीन लिंगं आणि शिवाय सामान्यरूपं. आपल्या ‘माझा, माझी, माझं, माझे, माझ्या’च्या मानानं हे ओझं हलकंच म्हणायचं.

पहिला गैरसमज: बोलणारा पुरुष असेल तर ‘मों’, बाई असेल तर ‘मा’.

वस्तुस्थिती अशी की बोलणाऱ्याच्या लिंगाचा इथे काडीचाही संबंध नाही. संबंध आहे तो ज्या वस्तूबद्दल बोलायचं तिच्या नामाच्या लिंगाशी. मी मुलीला विचारलं, “तुझे बाबा स्वतःच्या मिशीला काय म्हणतात?” ती हसून म्हणाली, “माझी मिशी.” बाबा पुरुष, मिशीसुद्धा पुरुषाचीच, आणि शब्द मात्र ‘माझी’. फ्रेंचमध्येही मिशी, म्हणजे मुस्ताश, स्त्रीलिंगी आहे. दाढी, म्हणजे बार्ब, तीही स्त्रीलिंगी. म्हणून बाबा ‘मा मुस्ताश’ म्हणतील. मराठीच्या पोटात हा नियम आधीपासून बसलेला आहे. फक्त ज्या पुस्तकातून आपण फ्रेंच शिकतो ते इंग्रजीत लिहिलेलं असतं आणि इंग्रजीत ‘माय’ कधी बदलतच नाही. जी गोष्ट मराठी मुलाला फुकट मिळायची, ती त्याला इंग्रजीच्या वाटेनं विकत घ्यावी लागते, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

कापडाच्या बाजारात तर याचे दाखले हाताशीच असतात. पुरुषांचा शर्ट, शमीझ, फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी. बायकांचा शर्टासारखा ब्लाउज, शमीझ्ये, पुल्लिंगी. टाय, म्हणजे क्राव्हात, स्त्रीलिंगी. तेव्हा बाई ‘मों शमीझ्ये’ म्हणते आणि तिचा नवरा ‘मा शमीझ’ म्हणतो. कपडा कोण घालतं यावरून लिंग ओळखायला गेलं की फसगत ठरलेली. (शमीझ आणि आपली कमीज यांचं मूळ एकच मानलं जातं: लॅटिनमधला ‘कामिसिया’. तो एका वाटेनं फ्रान्सला गेला, दुसरीनं अरबीतून आपल्याकडे आला.) दुकानाला बुतीक म्हटलं तर ‘मा बुतीक’ आणि मागाझँ म्हटलं तर ‘मों मागाझँ’, कारण पहिला शब्द स्त्रीलिंगी आणि दुसरा पुल्लिंगी. वस्तू एकच असली तरी लिंग शब्दाला असतं. आमचं दुकान आणि अपनी दुकान म्हणणाऱ्याला हे वेगळं शिकवायला नको.

दुसरा गैरसमज सगळ्यात चिवट आहे: ‘सों’ म्हणजे त्याचा आणि ‘सा’ म्हणजे तिचा.

हा थेट इंग्रजीतून येतो, कारण तिथे ‘हिज’ आणि ‘हर’ मालकाकडे बघून ठरतात. मराठीही इथे थोडी दगा देते. आपण मालकाचं लिंगही सांगतो (त्याचा की तिचा) आणि वस्तूचंही (तिचा भाऊ, तिची बहीण). फ्रेंच फक्त वस्तूचं सांगते आणि मालकाचं गुलदस्त्यात ठेवते. ‘सा मेर’ म्हणजे त्याची आईसुद्धा आणि तिची आईसुद्धा. ‘सों फ्रेर’ म्हणजे त्याचा भाऊसुद्धा आणि तिचा भाऊसुद्धा.

इथे नागपूरकराला हिंदी कामी येते. ‘उसकी माँ’ म्हणताना ‘उस’ मुलगा की मुलगी, हे हिंदीही सांगत नाही. ‘उसका भाई’, ‘उसकी बहन’ हे बरोब्बर ‘सों फ्रेर’ आणि ‘सा सर’. मुलीला मी सांगितलं, “तिचा भाऊ हे आधी हिंदीत म्हण.” ती म्हणाली, “उसका भाई.” मग स्वतःच ‘सा’ खोडून ‘सों’ लिहिलं. मालक कोण हे स्पष्ट करायचंच असेल तर फ्रेंच माणूस पुढे जोड देतो: ‘सों मागाझँ आ एल’, म्हणजे तिचं दुकान, आणि ‘सों मागाझँ आ लुई’, म्हणजे त्याचं. एरवी मागच्या वाक्यावरून कळतं, जसं हिंदीत कळतं.

याच्याच पोटात एक बारीक गोष्ट आहे. मराठीत ‘त्यानं आपली छत्री उचलली’ म्हटलं की छत्री त्याची स्वतःची, आणि ‘त्यानं त्याची छत्री उचलली’ म्हटलं की ती दुसऱ्या कुणाची असावी असा संशय येतो. फ्रेंचमध्ये ‘आपली’ला वेगळा शब्द नाही. दोन्हीकडे ‘सों पाराप्लुई’. हा बारकावा मराठी आणि हिंदी दोघींकडे आहे, फ्रेंचकडे नाही. तो शोधण्यात वेळ घालवू नये.

तिसरा घोटाळा स्वरांचा. पुस्तकात ‘मोनामी’ दिसतं, आणि खाली लिहिलेलं असतं की ही मैत्रीण आहे. मैत्रीण स्त्रीलिंगी, मग ‘मा’ कुठे गेला? पुष्कळ विद्यार्थी धरून चालतात की स्वरानं सुरू होणारं स्त्रीलिंगी नाम इथे पुल्लिंगी होतं. तसं अजिबात होत नाही. नाम स्त्रीलिंगीच राहतं, फक्त ‘मा आमी’ हे दोन ‘आ’ लागोपाठ जिभेला जड जातात म्हणून ‘मों’ उसना घेतला जातो. पुरावा हवा असेल तर स्कार्फ घ्या, एशार्प, स्त्रीलिंगी. ‘माझा हिरवा स्कार्फ’ म्हणजे ‘मोनेशार्प व्हेर्त’. हिरव्यासाठी ‘व्हेर्त’ हे स्त्रीलिंगी रूपच आलं, पुल्लिंगी ‘व्हेर’ आलं नाही. आणि मधे व्यंजनानं सुरू होणारं विशेषण घातलं की ‘मा’ लगेच परत येतो: ‘मा बेल एशार्प’, माझा सुंदर स्कार्फ. कापडाला एतॉफ म्हणतात, तेही स्त्रीलिंगी, म्हणून ‘मोनेतॉफ’. शाळा, एकोल, म्हणून ‘मोनेकोल’.

जुन्या फ्रेंचमध्ये यावर वेगळा तोडगा होता. ‘मा’मधला स्वर गाळून सरळ ‘मामी’ म्हणत, अगदी आपल्या मामीसारखा उच्चार. मध्ययुगात हळूहळू ‘मों’ची पद्धत रुळली आणि जुनी मागे पडली. पण ‘मामी’ पुरती गेली नाही. लोकांनी ती चुकीच्या जागी तोडून ‘मा मी’ अशी ऐकली आणि ‘मी’ हा प्रेयसीसाठी नवाच शब्द तयार झाला. भाषा अशी चुकून श्रीमंत होते, मला हे फार आवडतं. लिहिताना एच दिसला तर मात्र जपावं. इस्त्वार (गोष्ट, इतिहास) स्वरासारखा वागतो, म्हणून ‘मोनिस्त्वार’. ओंत (लाज) आणि आश (कुऱ्हाड) यांचा एच ऐकू येत नसला तरी तो आडवा येतो, म्हणून ‘मा ओंत’, ‘मा आश’. हे शब्द पाठच करावे लागतात.

‘लर’बद्दल दोन ओळी पुरेत. मालक अनेक आहेत म्हणून त्याला ‘एस’ लावायचा, हा समज चुकीचा. मालक अनेक असतात म्हणून तर ‘लर’ येतो. ‘एस’ वस्तू अनेक असतील तेव्हाच. भावांचं मिळून एक दुकान असेल तर ‘लर मागाझँ’, बिनएसचं. याला स्त्रीलिंगी रूप नाही, कारण तो लॅटिनमधल्या ‘इलोरुम’, म्हणजे ‘त्यांचा’, या षष्ठीच्या रूपातून आला आहे. ‘वोत्र’ म्हणजे नेहमी अनेक माणसांचं, हाही असाच समज. आपण एकट्या वडीलधाऱ्या माणसालाही ‘तुमचं’ म्हणतो, तसंच तिथेही आहे.

शरीराच्या अवयवांकडे मात्र जरा थांबून बघावं. इंग्रजी वळणानं शिकलेला विद्यार्थी ‘मी माझे हात धुते’ असं फ्रेंचमध्ये लिहितो. फ्रेंच माणूस म्हणतो ‘झ म लाव्ह ले मँ’, म्हणजे ‘मी हात धुते’. हात कुणाचे, हे सांगायला ‘मे’ वापरत नाही. मराठीतही ‘तिनं डोळे मिटले’ एवढंच आपण म्हणतो, ‘तिनं तिचे डोळे मिटले’ हे भाषांतराच्या वासाचं मराठी. इथे दोन्ही भाषा एकाच वाटेनं जातात. सगळीकडे जात नाहीत, हेही सांगायला हवं. नागपुरात ‘माझं डोकं दुखून राहिलं’ म्हणतात, तर फ्रेंचमध्ये ‘माझं’ येतच नाही: ‘झे माल आ ला तेत’, मला डोक्यात दुखणं आहे.

नागपुरात फ्रेंच कशाला, असं मला पुष्कळदा विचारलं जातं. फ्रेंचचं आणि या शहराचं नातं काही कालचं नाही. सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा इथे १८७० साली सुरू झाली ती फ्रान्समधल्या, आल्प्सच्या कुशीतल्या आन्सी गावी स्थापन झालेल्या मिशनरी संघामुळे. शहराजवळच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात दासो या फ्रेंच कंपनीच्या विमानांचे भाग बनवणाऱ्या कारखान्याची कोनशिला २०१७ मध्ये बसली. गांधीबागेला लागून सेंट्रल एव्हेन्यूवरून जाणाऱ्या मेट्रोच्या प्रकल्पाला फ्रेंच विकास संस्थेनं १३ कोटी युरोंचं कर्ज दिलं आहे. अग्रसेन चौकाच्या स्टेशनात उतरून मी शिकवणीला जाते.

परवा धडा संपला आणि आम्ही खाली आलो. मुलीच्या वडिलांनी गादीवर जागा केली, चहा सांगितला आणि म्हणाले, “बसा मॅडम, आपलंच दुकान आहे.” मुलीनं लगेच विचारलं, “हे फ्रेंचमध्ये कसं म्हणायचं?” तिनं स्वतःच ‘नोत्र बुतीक’ करून बघितलं आणि थांबली. नोत्रमध्ये ‘आमचं’ आणि ‘आपलं’ यांत फरक नाही. ‘आमचं दुकान’ असंही कुणी समजेल आणि मग पाहुण्याला बसवण्यातला सगळा अर्थच उलटा होईल. मी तिला सांगितलं की फ्रेंच यजमान इथे ‘फेत कॉम शे वू’ म्हणतो, स्वतःच्या घरी असल्यासारखं करा. तिनं ते दोनदा म्हटलं, वडिलांना म्हणायला लावलं, आणि तागे उलगडून बघणाऱ्या शेजारच्या गिऱ्हाइकानंही हळूच म्हणून बघितलं.